पुणे–सॅन होजे भगिनी शहर उपक्रम: स्वयंसेवकाचा अर्ज कुठे अडकतो

पुणे आणि कॅलिफोर्नियातलं सॅन होजे 1992 पासून भगिनी शहरं आहेत, म्हणजे आपसात देवाणघेवाणीचा करार केलेली शहरं. सॅन होजेच्या परिसरातल्या, म्हणजे बे एरियातल्या मराठी मंडळींना या उपक्रमात स्वयंसेवक व्हायची हौस दांडगी, पण अर्ज रखडतात ते त्याच त्या कारणांनी.

करार दोन शहरांचा असला तरी रोजचं काम स्वयंसेवकांची समिती बघते. त्यामुळे सिटी हॉलच्या खिडकीवर वेळ घालवू नका, थेट समितीशी बोला. नाव, पत्ता, येणाऱ्या भाषा, मोकळा वेळ हा फॉर्म पाच मिनिटांचा आहे.

खरी अडचण येते बोटांच्या ठशांची, म्हणजे लाइव्ह स्कॅनची. यात ठसे डिजिटल पद्धतीने घेऊन गुन्ह्यांची नोंद आहे का ते तपासतात. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना कॅलिफोर्नियात 2022 पासून या तपासणीचा कायदा लागू आहे. महिन्याला 16 तास किंवा वर्षाला 32 तासांपेक्षा जास्त वेळ तुम्ही मुलांसोबत असाल, तर ठसे द्यावेच लागतात. यातला ‘किंवा’ नीट वाचा. “मी महिन्याला चारच तास येते” म्हणणारीचेही वर्षाचे 48 होतात. पुण्याहून आलेल्या शाळकरी मुलांसोबत चार दिवस फिरलात तरी 32 तास सहज ओलांडतात. “मुलाच्या शाळेसाठी ठसे दिलेत की!” हे इथे चालत नाही. तो अहवाल त्या शाळेपुरताच असतो. संस्थेचा कोड छापलेला फॉर्म आधी मागून घ्या, कोरा फॉर्म घेऊन गेलात तर हेलपाटा ठरलेला. सोबत बालसुरक्षेचं प्रशिक्षण असतं. ते ऑनलाइन आणि मोफत आहे, प्रमाणपत्र तेवढं जपून ठेवा.

आपल्या बायकांची पंचाईत होते ती नावाची. पासपोर्टवर माहेरचं नाव, लायसन्सवर सासरचं, मधे कुठे वडिलांचं तर कुठे नवऱ्याचं. जे ओळखपत्र दाखवणार त्यावरचं नाव अक्षरन् अक्षर फॉर्मवर लिहा आणि बाकीची नावं ‘इतर नावं’ या रकान्यात भरा. तो रकाना रिकामा सोडू नका. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

एच-4 (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबीयांचा) किंवा एफ-1 (विद्यार्थ्यांचा) व्हिसावर असाल तर ना-नफा संस्थेत विनामोबदला सेवा करता येते. मात्र एरवी पगार देऊन करून घेतात असं काम, उदाहरणार्थ हिशेबनिसाचं, फुकट केलंत तरी ते नोकरीत धरलं जाऊ शकतं. मानधनाचं पाकीट तर घेऊच नका. शंका आली तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको.

शिष्टमंडळासोबत पुण्याला जाणार असाल तर तिकिटाआधी पासपोर्टवरच्या अमेरिकन व्हिसाची तारीख बघा. आय-797 ची, म्हणजे इमिग्रेशन खात्याच्या मंजुरीपत्राची, मुदत बाकी आहे म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण त्या कागदावर अमेरिकेत राहता येतं, भारतातून परत येता येत नाही. व्हिसाची मुदत संपली असेल तर वकिलातीच्या अपॉइंटमेंटची वाट बघत तिकडेच थांबावं लागेल.