खाज थांबली, चुरचुर सुरू झाली

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची धूळ खाली आली की ॲलर्जी असलेल्यांचे डोळे लाल होतात. मेडिकलमधून सेटिरिझिनची गोळी आणली जाते, खाज कमी होते आणि मग डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. ‘ॲलर्जी अजून गेली नाही’ म्हणून आणखी एक गोळी. पुष्कळदा हा कोरडेपणा असतो आणि त्याला त्या गोळीचाच हातभार लागलेला असतो.

ॲलर्जीत डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणातल्या मास्ट पेशी हिस्टामाइन सोडतात, त्याने खाज सुटते. हिस्टामाइनला अडवणाऱ्या गोळ्या कमीअधिक प्रमाणात अश्रुग्रंथींचं कामही मंदावतात. सर्दीवरच्या जुन्या क्लोरफेनिरामाइनने तोंडाला कोरड पडते ती याच कारणाने. नव्या गोळ्यांचा हा त्रास कमी, पण अजिबात नाही असं नव्हे.

आणि अश्रू आटले की ॲलर्जी उलट बळावते. धूळ, परागकण धुऊन न्यायला पाणीच पुरत नाही, ते डोळ्यातच रेंगाळतात. वर सततच्या दाहामुळे अश्रूंना डोळ्यावर पसरून धरणारा चिकट थर तयार करणाऱ्या पेशी कमी होतात. एरवी अश्रूंचा पडदा पापणी मिटून उघडल्यावर निदान दहा सेकंद टिकायला हवा. अशा डोळ्यात तो त्याआधीच फाटतो. डॉक्टर रंगाचा थेंब घालून हेच मोजतात.

खाज प्रामुख्याने असेल तर ॲलर्जी, आणि स्क्रीनसमोर किंवा एसीत वाढणारी चुरचुर असेल तर कोरडेपणा, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. डोळ्याला पाणी मात्र दोन्हींत येतं.

म्हणून सुरुवात कृत्रिम अश्रूंनी करावी. ते ओलावाही देतात आणि ॲलर्जीकारक कणही धुतात. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालायचे असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच घ्या, कारण बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे नेहमीचं प्रिझर्व्हेटिव्ह आधीच दुखावलेल्या डोळ्याला आणखी बोचतं. लेबलवर मनाई नसेल तर बाटली फ्रीजमध्ये ठेवावी. गार थेंबाने खाजही निवते. एका वेळी एकच थेंब पुरे, दुसरा गालावरच ओघळतो.

त्रास फक्त डोळ्यांचा असेल तर गोळीऐवजी ओलोपॅटाडिन किंवा किटोटिफेनचे ॲलर्जीवरचे ड्रॉप्स चालतील का, हे डॉक्टरांना विचारा. दोन वेगवेगळ्या ड्रॉप्समध्ये पाच-दहा मिनिटांचं अंतर हवं. नाकासाठी किंवा अंगावर उठणाऱ्या पित्तासाठी ॲलर्जीची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका.

शेकण्याबाबत हमखास गोंधळ होतो. खाजेला गार पट्टी. पापण्यांतल्या तेलग्रंथी तुंबल्या असतील तर कोमट शेक, पण खाज भडकलेली असताना नको.

डोळे चोळण्याची सवय मात्र खरंच वाईट. तिचा संबंध बुबुळ पातळ होऊन पुढे येण्याच्या केराटोकोनसशी आहे. आणि शेजाऱ्यांनी सुचवलेले स्टेरॉइड ड्रॉप्स? लाली झटपट जाते, म्हणून तर ते लोकप्रिय. देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने घातले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू, दोन्हींची वाट मोकळी होते. उजेड सहन होत नसेल, दुखत असेल किंवा दिसणं अंधुक झालं असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.