गुडघ्यातलं वंगण संपत नाही

‘वंगण संपलंय, तूप खा, डिंकाचे लाडू खा,’ हा सल्ला गुडघेदुखीवर घरोघरी मिळतो. पण सांध्यातला द्रव आतलं अस्तर सतत तयार करत असतं. उलट झिजलेल्या गुडघ्यात तो कित्येकदा वाढतो आणि सूज येते. झिजते ती हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा (कार्टिलेज). तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती सहसा भरून येत नाही.

सांधेबदलाच्या शस्त्रक्रियेत ‘अख्खा गुडघा कापून काढतात’ ही भीतीही खोटी. सांधेबदलात हाडांची झिजलेली टोकं, साधारण सेंटिमीटरभर, तासतात, त्यांवर धातू बसवतात आणि मध्ये पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकची चकती. मांडीचे स्नायू आपलेच राहतात, म्हणूनच बहुतेकांना एक-दोन दिवसांत वॉकर धरून चालवतात. मात्र वजन उतरवून, व्यायामाने दुखणं आटोक्यात येत असेल, तर शस्त्रक्रियेची घाई नको.