अवघड जागा आणि नियमपुस्तक : तलवारबाजीतल्या कपची पार्श्वभूमी

तलवारबाजीत फॉइल, इपी आणि सेबर अशी तीन शस्त्रं आहेत, आणि प्रत्येकात शरीराचा कुठला भाग लक्ष्य, ते वेगळं ठरलेलं आहे. फॉइलच्या नियमांत लक्ष्याची खालची हद्द फार नेमकी आखलेली आहे. कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या टोकांपासून सरळ रेषा काढायच्या. दोन पाय जिथे मिळतात तिथे त्या एकत्र येतात, आणि त्यांच्या आतलं सगळं लक्ष्य. म्हणजे जांघांच्या मधला भाग लक्ष्यातच येतो. लामे जॅकेट, म्हणजे लक्ष्य झाकणारं विद्युतवाहक जॅकेट, पुढून निमुळतं होत खाली उतरतं ते त्यासाठीच. तिथे टोक लागलं की रंगीत दिवा लागतो आणि हल्ल्याचा हक्क, म्हणजे वार करण्याचं प्राधान्य, असेल तर गुणही मिळतो. इपीत तर अख्खं शरीरच लक्ष्य. त्याच पुस्तकातली सक्तीच्या पोशाखाची यादी काढली तर मास्क, जॅकेट, त्याच्या आतला प्लास्ट्रॉन (शस्त्राच्या बाजूची काख-छाती झाकणारं जाड कापड), ब्रीचेस (गुडघ्यापर्यंतची पँट), गुडघ्यापर्यंतचे मोजे, हातमोजा आणि मुलींसाठी चेस्ट प्रोटेक्टर सापडतो. कप, म्हणजे जांघांच्या मधल्या भागावर घालायची कडक वाटी, सापडत नाही. ज्या जागेवर वार केला तर गुण द्यायचा, तिचं रक्षण मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं आहे.

शस्त्र हातात घेणाऱ्यांना या जागेची काळजी पूर्वी नव्हती असं नाही. सोळाव्या शतकातल्या युरोपीय चिलखतांना पुढे पोलादी वाटी जोडलेली दिसते. लंडनच्या टॉवरमध्ये इंग्लंडच्या राजाचं १५४० चं चिलखत आहे, त्यावर ती ठळक दिसते. अर्थात तेव्हाच्या कपड्यांतही तशीच फुगीर वाटी मिरवायची पद्धत होती. त्यामुळे त्यात रक्षण किती आणि दिमाख किती, यावर जाणकारांत मतभेद आहेत. शतक संपता संपता ती कपड्यांतूनही गेली आणि चिलखतांतूनही. पुढे तलवार हलकी झाली, शिकण्यासाठी बोथट टोकाची फॉइल आली आणि तालमीच्या दालनात धडावरच वार करायचा असा संकेत रुळला, कारण धडावरचा वार जिवावरचा. १९१३ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी नियम एकत्र बांधले गेले. त्या बांधणीत हा जुना संकेत आला. त्यासोबत नवं चिलखत आलं नाही.

प्रशिक्षकांनी मात्र आपली सोय आधीच करून घेतली होती. दिवसभरात शेकडो वार अंगावर घ्यायचे म्हटल्यावर कातड्याचं जाड जॅकेट आणि पायावर चढवायचं कातडी आवरण हा त्यांचा रोजचा वेश झाला. वार घेणं हाच ज्याचा व्यवसाय, त्याला बोथट टोकही काय करतं ते ठाऊक होतं.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये इपी विजेवर खेळली गेली आणि १९५५ मध्ये फॉइल जागतिक स्पर्धेत विजेवर आली. टोकाशी स्प्रिंगचं बटण बसलं. फॉइलचं बटण पाचशे ग्रॅमच्या वजनाला आणि इपीचं साडेसातशे ग्रॅमच्या वजनाला पुरून उरलं पाहिजे, ही आजची कसोटी. म्हणजे टोक नुसतं टेकून भागत नाही, ते दाबलं गेलं पाहिजे. विजेआधीच्या काळात पंचांना वार डोळ्यांनी दिसला की पुरे होतं. विजेच्या काळात तो यंत्राला कळावा लागतो. खेळाडू त्यामुळे नेटाने टोचायला शिकले, यात नवल नाही.

सुरक्षेच्या नियमांना खरं वळण लागलं ते जुलै १९८२ मध्ये, रोमच्या जागतिक स्पर्धेत. फॉइलच्या लढतीत एका खेळाडूचं पातं तुटलं आणि तुटका भाग समोरच्याच्या मास्कची जाळी भेदून डोळ्यातून मेंदूत गेला. समोरचा खेळाडू १९८० चा ऑलिंपिक विजेता होता. काही दिवसांनी तो गेला. त्यानंतर महासंघाने जे केलं त्याला तोड नाही. पात्यांसाठी मॅरेजिंग पोलाद आलं, कारण त्यात तडा सावकाश पसरतो. मास्कची जाळी मजबूत झाली, तिची चाचणी सुरू झाली. कपड्यांना न्यूटनमध्ये मोजमाप आलं. आज मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी जॅकेट, ब्रीचेस आणि आतला प्लास्ट्रॉन ८०० न्यूटनचा लागतो, म्हणजे साधारण ऐंशी किलोच्या भाराइतका जोर लावला तरी कापड भेदलं जाऊ नये. पवित्र्यात उभं राहिल्यावर जॅकेट ब्रीचेसवर किमान दहा सेंटिमीटर चढलेलं हवं, हाही नियम आहे. जांघेतून मांडीकडे मोठी धमनी जाते हे लक्षात घेतलं तर या दहा सेंटिमीटरचं मोल कळतं.

पण या सगळ्या सुधारणांमागे भीती एकच होती : आरपार जाण्याची. न्यूटनचा आकडा कापड फाटेल का एवढंच सांगतो. खालच्या अवयवाला दणका किती बसेल, ते सांगत नाही. ८०० न्यूटनची ब्रीचेस घातलेल्या मुलाच्या जांघेत इपीचं टोक बसलं तर कापडाला काही होत नाही. मुलगा मात्र गुडघ्यांवर येतो. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रोमचं तुटलेलं पातं होतं, आणि तेच असायला हवं होतं. पण न तुटलेल्या, धडधाकट पात्याचा मुका मार त्या चौकटीच्या बाहेर राहिला, तो आजतागायत.

हा मार बसतो कसा, तेही सांगायला हवं, कारण मुद्दाम खाली मारणारे थोडेच असतात. छातीकडे येणारं टोक बचाव करणारा सिक्स्तमधून ऑक्टेव्हकडे, म्हणजे वरच्या बचावातून खालच्या बचावाकडे, नेतो. पातं पुरतं बाजूला गेलं नाही तर ते खाली घसरतं आणि थेट मध्ये येऊन बसतं. त्याच क्षणी वार झेलणारा लंजमध्ये, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून झेपावलेला, असेल तर मांड्या उघड्या आणि सगळं वजन पुढे. बचावासाठी मोकळा हात आपसूक खाली जातो, आणि फॉइलमध्ये त्या हाताने लक्ष्य झाकलं की पंच कार्ड दाखवतात. शरीराची उपजत हालचाल नियमाने बंद केली आहे. मग तिच्या जागी काहीतरी द्यायला नको का?

आपल्याकडे या विषयात शब्दांचाच मोठा घोळ आहे, आणि मला तो नियमाइतकाच महत्त्वाचा वाटतो. मूल पहिल्यांदा क्लबात येतं तेव्हा त्याला सांगितलं जातं, ‘सपोर्टर घालून ये.’ घरचे खेळाच्या दुकानात जातात, सपोर्टर मागतात, दुकानदार सपोर्टर देतो. मुलगा तो घालून येतो. सगळ्यांच्या मते काम झालेलं असतं. पण सपोर्टर म्हणजे पट्ट्यांचा, कापडी आधार. त्याचं मूळ काम अवयव जागच्या जागी धरून ठेवणं. अमेरिकेत १८७४ मध्ये शिकागोच्या एका कंपनीने तो बनवला तो सायकलस्वारांसाठी, बॉस्टनच्या खडबडीत दगडी रस्त्यांवर बसणाऱ्या हादऱ्यांवर उपाय म्हणून. आपल्या तालमीतला लंगोटही याच कामाचा. कुस्तीत समोरून टोक येत नाही, त्यामुळे तिथे आधार पुरतो. तलवारबाजीत हवी ती ढाल, म्हणजे सपोर्टरच्या खिशात बसणारी कडक वाटी. ती वेगळी मागावी लागते.

मागताना दुसरा घोळ. ‘गार्ड द्या’ म्हटलं तर तलवारबाजीचं साहित्य विकणारा मुठीपुढची वाटी दाखवतो, कारण या खेळात गार्ड म्हणजे ती. पिस्टवर, म्हणजे लढतीच्या पट्टीवर, ‘ऑन गार्ड’ ऐकू येतं तो पवित्रा. क्रिकेटचा दुकानदार ‘एल गार्ड’ देतो. तो खरा जवळचा, पण क्रिकेटमध्ये बॅट घेऊन उभं राहण्यासाठी बनवलेला. दीडशे ग्रॅमहून जड चेंडू अडवायचा म्हणून तो रुंद असतो, कडा जाड असतात आणि पुष्कळांना हवेसाठी भोकं असतात. लंजमध्ये त्याची कड मांडीच्या आतल्या बाजूला चावते. मुलं दोन सराव सहन करतात आणि तिसऱ्या दिवशी तो किटबॅगेत ठेवून देतात. अरुंद, गोलसर कडेचा, घट्ट चड्डीच्या खिशात बसणारा कप बॉक्सिंग-कराटेच्या दुकानांत मिळतो आणि तो जास्त बरा पडतो. त्याला कप म्हणा, वाटी म्हणा, पण सपोर्टर म्हणू नका, एवढं तरी प्रत्येक क्लबाने ठरवायला हवं.

एका शालेय स्पर्धेत मी साहित्य तपासणीच्या टेबलावर होतो. तेरा वर्षांचा एक मुलगा इपीच्या लढतीतून वाकून बाहेर आला. ओठ पांढरे पडलेले, पण बोलायला तयार नाही. खूप वेळाने हळूच म्हणाला, ‘सर, सपोर्टर घातला होता.’ घातला होता खरंच. खिसा रिकामा होता. त्यात काही बसवायचं असतं हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अवघड जागेचं दुखणं म्हणून तो डॉक्टरांकडेही जायला बघेना. अशा वेळी सूज आली किंवा तासाभरात कळ ओसरली नाही, तर लाज बाजूला ठेवून सोनोग्राफी करून घ्यावी लागते. आत फाटलं असेल तर शस्त्रक्रियेला उशीर परवडत नाही.

नियमाकडे परत येतो. मुक्या मारापासून रक्षण करणारी एक कडक वस्तू महासंघाने सक्तीची केली आहेच : मुलींचा चेस्ट प्रोटेक्टर. पुरुषांना तो ऐच्छिक आहे. तेव्हा ‘आम्ही फक्त भेदण्याचा विचार करतो’ असंही म्हणता येत नाही. कपाच्या बाबतीत जे आक्षेप ऐकू येतात, ते बरेचसे या प्रोटेक्टरच्या अनुभवातून आलेले आहेत. २००५ मध्ये फॉइलच्या यंत्राची वेळ बदलली. टोक साधारण १४ मिलिसेकंद दाबलेलं राहिलं तरच दिवा लागतो, असं ठरलं. उद्देश पातं चाबकासारखं उडवून मारलेले फ्लिक कमी करण्याचा होता. पण कडक प्लास्टिकवर टोक आपटून उसळतं आणि तेवढा वेळ टिकत नाही, ही तक्रार वाढली. वाद बराच चालला. शेवटी गेल्या दशकात फॉइलसाठी नियम आला की प्रोटेक्टरची बाहेरची बाजू चार मिलिमीटर जाडीच्या ईव्हीए फोमने झाकलेली हवी. रक्षण राहिलं आणि उसळी कमी झाली.

मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि कपावरच्या आक्षेपाचं उत्तरही त्यातच दिसतं. कप लक्ष्यावर आहे, कडक आहे, टोक उसळेल, म्हणून सक्ती नको, असं म्हणणाऱ्यांनी त्यावरही चार मिलिमीटरचा फोम लावायला सांगावं. आज कुणी पुरुष फॉइल खेळाडू कप घालतो तेव्हा त्या कपावर कसलंच बंधन नाही. सक्ती नाही, तसं मोजमापही नाही. म्हणजे सुरक्षेचं नुकसान होतंच, शिवाय ज्या न्यायाची काळजी आक्षेप घेणाऱ्यांना आहे, तोही साधत नाही.

खर्चाचा मुद्दाही पुढे येतो. पण २००९ पासून फॉइलमध्ये मास्कच्या बिबचा, म्हणजे गळा झाकणाऱ्या झालरीचा, खालचा भाग लक्ष्यात घेतला गेला, तेव्हा विद्युतवाहक बिब आणि ती जोडणारी वायर प्रत्येकाला घ्यावीच लागली. लक्ष्याची वरची हद्द सरकली तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी साहित्य बदललं. खालच्या हद्दीसाठी एक वाटी घेणं त्याहून जड नाही.

दुखापती मुळात होतातच किती, हा आक्षेप सर्वांत वजनदार. अमेरिकेत २००१ ते २००६ या काळात राष्ट्रीय स्पर्धांतल्या दुखापती मोजल्या गेल्या. हजार सहभागांमागे ०.३ एवढंच प्रमाण निघालं. खेळ सुरक्षित आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्यात मोजल्या होत्या त्या खेळाडूला स्पर्धा सोडायला लावणाऱ्या दुखापती. जांघेत वार बसलेला खेळाडू सहसा खाली बसतो, श्वास घेतो, चार पावलं चालतो आणि पुन्हा पवित्र्यात उभा राहतो. तो अशा मोजणीत येतच नाही.

शेजारचे खेळ काय करतात ते पाहा. बॉक्सिंगमध्ये कमरेखाली मारणं फाउल आहे, तरी पुरुषांना कप सक्तीचा. तायक्वांदोमध्येही कमरेखाली लाथ चालत नाही, आणि तिथे ग्रॉइन गार्ड मुलामुलींना दोघांनाही सक्तीचा. जिथे तो वार निषिद्ध, तिथे ढाल बंधनकारक. जिथे त्या वाराला गुण, तिथे ढाल ऐच्छिक. निदान वयोगटाच्या स्पर्धांत, फॉइल आणि इपी या दोन शस्त्रांना, ही सक्ती यायलाच हवी असं माझं स्पष्ट मत आहे. सेबरचं लक्ष्य कमरेच्या वर आहे. तिथे चुकून खाली आलेला पात्याच्या कडेचा वार लागतो, पण तो प्रश्न त्यामानाने लहान.

मुलींचा विचार तर या चर्चेत जवळजवळ होतच नाही. चेस्ट प्रोटेक्टर घातला की मुलगी सुरक्षित, असं धरलं जातं. जघनाच्या हाडावर इपीचं टोक बसलं तर काय होतं, ते खेळलेल्या मुलींना विचारा. आठवडाभर बसता-उठता कळ येते आणि घरी सांगताही येत नाही. मुलींचा पेल्व्हिक गार्ड वेगळ्या घडणीचा असतो, चपटा आणि वर ओटीपोटाकडे चढणारा. कराटे-तायक्वांदोचं साहित्य ठेवणाऱ्यांकडे तो मिळतो. घेताना तो ब्रीचेसच्या आत घालून दुकानातच एक पूर्ण लंज मारून पाहावा. कड रुतली तर लहान माप मागावं, आणि लामेच्या पायांमधल्या पट्ट्याखाली तो सरकत नाही ना, तेही त्याच वेळी बघून घ्यावं.