खुर्ची वाकते कशी, मोडते कुठे

लाकडी खुर्ची मोडते ती बहुतेक वेळा एकाच जागी, मागचा पाय आणि बैठक जिथे मिळतात तिथे. बसणारा मागे रेलला की खुर्चीची पाठ लांब तरफ बनते आणि तिचा सगळा जोर त्या एवढ्याशा सांध्यावर येतो. रोज थोडं थोडं हे घडत राहतं. डिंक सुटतो, सांधा ढिला पडतो आणि मग कधीतरी खुर्ची करकरायला लागते.

हा प्रश्न खुर्चीइतकाच जुना आहे. इजिप्तची राणी हेतेफेरेस हिच्या थडग्यात सापडलेली खुर्ची साडेचार हजार वर्षांपूर्वीची. तिचं लाकूड केव्हाच कुजून गेलं होतं. उरलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून अभ्यासकांनी ती पुन्हा उभी केली. तेव्हापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत खुर्ची करायची मुख्य रीत तीच राहिली: लाकडाचे तुकडे कापायचे, एकाला खाच पाडायची, दुसऱ्याचं टोक तिच्यात ठोकून बसवायचं. नक्षी बदलली, गाद्या आल्या, पण सांधे तेच. आज जगभर दिसणाऱ्या खुर्च्यांचे आकार मात्र जेमतेम पावणेदोनशे वर्षांतले आहेत. त्यांचं श्रेय आपण सहसा कलाकारांच्या कल्पनाशक्तीला देतो. मला ते अर्धवट वाटतं. लाकूड, पोलाद आणि प्लास्टिक न तुटता कसं वळवायचं हे ज्या ज्या वेळी कळलं, त्या त्या वेळी खुर्चीनं नवा आकार घेतला.

सुरुवात मिखाएल थोनेटपासून करायला हवी. हा जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीकाठच्या बोपार्ड गावचा सुतार, जन्म 1796 चा. खुर्चीची गोलाई फळीतून कापून काढायची म्हणजे लाकडाचे तंतू आडवे कापले जातात, आणि जिथे तंतू आडवे कापले जातात तिथेच लाकूड कडकन मोडतं. शिवाय निम्मं लाकूड भुशात जातं. तंतू अखंड ठेवून लाकूडच वळवता आलं तर? थोनेटनं आधी पातळ पट्ट्या सरसात उकळून, एकत्र करून साच्यात वाकवल्या. खुर्च्या देखण्या झाल्या. पण सरस हा प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला. दमट हवेत तो मऊ पडायचा आणि पट्ट्या सुटायच्या. समुद्रापार माल पाठवायचा तर अखंड लाकूडच वाकवायला हवं होतं.

इथे खरी अडचण सुरू होते. कुठलीही काठी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. 3 सेंटिमीटर जाडीची काठी, मध्यरेषेपासून 20 सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणात बसवायची आहे असं समजा. बाहेरची बाजू साधारण साडेसात टक्के लांबायला हवी आणि आतली तितकीच आखडायला हवी. वाफेवर मऊ केलेलं कठीण जातीचं लाकूड दाब भरपूर सोसतं. लांबीत पंचवीस-तीस टक्के आखडलं तरी ते तुटत नाही. ताण मात्र ते एक-दोन टक्क्यांपलीकडे सोसत नाही. म्हणजे साडेसात टक्के ताण आला की बाहेरची बाजू फाटणारच, आतली बाजू कितीही तयार असली तरी.

थोनेटनं शोधलेला उपाय इतका साधा आहे की तो समजल्यावर मला आजही त्याचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. वाफवलेल्या काठीच्या बाहेरच्या बाजूला त्यानं पोलादी पट्टी लावली आणि दोन्ही टोकांना ती घट्ट आवळली. पोलाद ताणलं जात नाही, म्हणून लाकडाची बाहेरची बाजूही ताणली जाऊ शकत नाही. मग काठी वळायची तर सगळा फरक आतल्या बाजूनं आखडूनच भरून काढावा लागतो. आपल्या उदाहरणात आतली बाजू सुमारे चौदा टक्के आखडते, आणि तेवढं वाफवलेलं लाकूड आरामात सोसतं. ज्या ताणाला लाकूड कच्चं, तो सगळा पोलादानं घेतला. ज्या दाबाला लाकूड पक्कं, तो लाकडाकडे राहिला.

वाफेचं काम वेगळं. लाकडात सेल्युलोजच्या लांब धाग्यांना लिग्निन नावाचा पदार्थ धरून ठेवतो. पाणी आणि उष्णता मिळाली की, साधारण उकळत्या पाण्याच्या तापमानाला, ही पकड सैल होते आणि धागे एकमेकांवरून थोडे सरकू शकतात. वाकवलेली काठी लोखंडी साच्यात अडकवून वाळवली की पकड पुन्हा घट्ट होते आणि नवा आकार कायम राहतो. थोनेटला लिग्निनचं रसायनशास्त्र ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याला हातांनी कळलं होतं.

1856 मध्ये ऑस्ट्रियात त्याला अखंड लाकूड वाकवण्याचा खास हक्क मिळाला. त्याच सुमारास आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या मोराव्हिया भागात, बीच जातीच्या झाडांच्या जंगलांजवळ, कोरिचानी इथे, त्याचा कारखाना उभा राहिला. बीच हे झाड निवडण्यामागेही कारण आहे: त्याचा धागा सरळ, पोत सारखा, गाठी कमी. 1859 मध्ये तिथून निघाली ती 14 क्रमांकाची खुर्ची. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. मागचे दोन पाय आणि पाठीची कमान मिळून एकच वळलेली काठी, त्यामुळे पाठीचा जोर सांध्याऐवजी अखंड तंतूंतून खालपर्यंत उतरतो. बैठक वेताच्या विणीची. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावत. उघडून पाठवायच्या आणि पोचल्यावर जोडायच्या, ही पद्धत तेव्हा नवलाची होती. 1930 पर्यंत या खुर्चीचे सुमारे पाच कोटी नग विकले गेले होते, असं सांगितलं जातं.

पुढचा आकार पोलादानं दिला. 1925 च्या सुमारास जर्मनीतल्या डेसाऊच्या बाउहाउस या कला-शिक्षणसंस्थेत फर्निचरची कार्यशाळा सांभाळणारा तरुण मार्सेल ब्रॉयर सायकल चालवायचा. सायकलचं हँडल पोलादी नळीला सहज वळण देऊन केलेलं असतं. मग खुर्ची का नको, असं त्याच्या मनात आलं. गोष्ट खरी आहे, पण ती तिथेच थांबवणं मला अन्यायाचं वाटतं. तशी नळी मिळत होती म्हणून तर हँडल वळत होतं! पत्रा गुंडाळून कडा जोडलेली नळी वाकवताना शिवणीवर फाटण्याचा धोका असतो. राइनहार्ड आणि माक्स मानेसमान या भावांनी 1885 मध्ये शिवण नसलेल्या नळीचं पेटंट घेतलं. तापलेला भरीव गज तिरक्या रुळांमधून फिरवला की त्याचा गाभा आतून विस्कटतो आणि तिथे पोकळी तयार होऊ लागते. तीच वाढवून नळी करायची. या शोधाशिवाय नळीच्या खुर्चीची कल्पना कागदावरच राहिली असती.

पोकळ नळी का घ्यायची, याचं उत्तर एका हिशोबात आहे. बाहेरून 20 मिलिमीटर व्यासाची, 2 मिलिमीटर जाडीच्या भिंतीची नळी घ्या. तेवढ्याच लांबीत तेवढंच पोलाद भरीव गजात ओतलं तर त्याचा व्यास 12 मिलिमीटर होतो. वजन सारखं, पण वाकण्याला नळीचा विरोध साडेचार पटींहून जास्त. वाकताना सगळ्यात जास्त ताण आणि दाब बाहेरच्या थरांवर येतो, मधला भाग जवळपास रिकामा बसलेला असतो. नळी तो मधला भाग काढून बाहेर कामाला लावते.

मग मागचे पायच हवेत कशाला, हा प्रश्न येणारच होता. डच वास्तुकार मार्ट स्टाम यानं 1926 मध्ये गॅसच्या नळ्या आणि नळजोडणीचे सुटे भाग वापरून मागचे पाय नसलेली खुर्ची जुळवून पाहिली. पुढच्या वर्षी स्टुटगार्टच्या प्रदर्शनात तिची सुधारलेली रूपं लोकांसमोर आली, त्यात जर्मन वास्तुकार मीस व्हान डेर रोहे याचीही होती. मीसच्या खुर्चीचे पाय पुढच्या बाजूनं मोठ्या कमानीत वळतात, म्हणून बसणाऱ्याच्या वजनानं ती किंचित लवते आणि परत येते. मर्यादेत राहून वाकवलेलं पोलाद पुन्हा मूळ जागी येतं, हा त्याचा गुण इथे आरामासाठी वापरला. ही कल्पना नेमकी कुणाची, यावरून पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या.

प्लायवुडचा टप्पा छोटा, पण मला फार आवडणारा. प्लायवुड एका दिशेला छान वळतं. दोन दिशांना एकदम, वाडग्यासारखं वळवलं की चिरतं. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याला बैठक आणि पाठ एकाच कवचात हवी होती. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी जखमी पायांना आधार देणाऱ्या प्लायवुडच्या खपच्या नौदलासाठी बनवल्या. जिथे ताण साठतो तिथे फटी ठेवल्या तर लाकूड वळतं, हे त्या कामात पक्कं झालं. तरी एकसंध कवच जमेना. अखेर त्यांनी बैठक आणि पाठ वेगळी केली, आणि ती वेगळेपणाची खुर्चीच गाजली. एका पदार्थाच्या नकारातून इतका सुंदर आकार निघाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

एकसंध कवचाला प्लास्टिकची वाट पाहावी लागली. 1954 मध्ये इटलीत रसायनशास्त्रज्ञ ज्युलिओ नात्तानं पॉलिप्रोपिलीन ही प्लास्टिकची जात अशी बनवली की तिच्या साखळीसारख्या लांब रेणूंच्या बाजूच्या फांद्या एकाच शिस्तीत येतात. त्यामुळे साखळ्या नीट रचल्या जातात आणि पदार्थ मजबूत होतो. 1963 मध्ये ब्रिटिश डिझायनर रॉबिन डे यानं तिचं कवच नळीच्या पायांवर बसवलं. 1972 मध्ये फ्रान्सच्या आंरी मासोने यानं पायही त्याच साच्यात घातले, आणि आज सगळीकडे दिसणारी एकाच तुकड्याची खुर्ची रुळली. वितळलेलं प्लास्टिक दाबानं साच्यात शिरतं आणि दोन मिनिटांच्या आत खुर्ची बाहेर येते.

तिचा आकार नीट पाहा. पाय भरीव नाहीत, पन्हळीसारखे वळलेले आहेत, कारण वळवलेला पातळ पत्रा सपाट पत्र्यापेक्षा खूप ताठ असतो. पाय खाली निमुळते होतात, कारण साच्याचे दोन भाग अडकल्याशिवाय सुटले पाहिजेत. त्याच उतारामुळे खुर्च्या एकावर एक चढतात.

या खुर्चीचा शत्रू ऊन आहे. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्या लांब साखळ्यांचे तुकडे करतात. आधी पृष्ठभागावर खडूसारखी पांढरी भुकटी येते, मग केसासारख्या चिरा, आणि एकदा चीर पडली की जोडायला सांधाच नसतो. तुकडे वितळवून पुन्हा वापरता येतात, पण तुटलेल्या साखळ्या त्यानं लांब होत नाहीत. म्हणून कच्च्या मालात आधीच थोडी रसायनं मिसळतात. काही रसायनं किरण शोषून घेतात, काही साखळी तुटण्याची क्रिया मध्येच थांबवतात, आणि ती संपत आली की भुकटी दिसू लागते. त्यांचं प्रमाण किती ठेवलं, यावर ती खुर्ची उन्हात किती वर्षं टिकेल हे मोठ्या प्रमाणात ठरतं, आणि विकत घेताना ते डोळ्यांना अजिबात दिसत नाही.