प्रत्यारोपणानंतर लस कमी का लागू पडते?

मूत्रपिंड बदललेल्या माणसाच्या औषधांच्या डब्यात बहुधा तीन गोळ्या असतातच: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन. दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीराला कायम परकेच वाटते, म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. अडचण अशी, की मूत्रपिंडावर चालून जाणाऱ्या पेशींच्याच भरवशावर लसही काम करते.

टॅक्रोलिमसमुळे टी-पेशींना (प्रतिकारशक्तीतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) वाढीचा रासायनिक निरोप नीट मिळत नाही. लसीच्या दृष्टीने अधिक आडवे येते ते मायकोफेनोलेट. पेशीला दुप्पट व्हायचे तर डीएनएची नवी प्रत लागते आणि त्यासाठी ग्वानिन हा घटक लागतो. शरीरातल्या बऱ्याच पेशी जुन्या डीएनएतले ग्वानिन पुन्हा वापरून भागवतात. टी-पेशी आणि बी-पेशी मात्र ते नव्याने बनवण्यावर अवलंबून असतात, आणि मायकोफेनोलेट नेमके तेच बनणे रोखते. लस टोचल्यावर बी-पेशींनी भराभर वाढून प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला अडवणारी प्रथिने, तयार करायची असतात. इथे त्या पुरेशा वाढू शकत नाहीत.

याचा फटका किती मोठा असतो, ते कोविडच्या साथीत दिसले. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१मध्ये प्रत्यारोपण झालेल्या ४३६ जणांचे रक्त तपासले. एमआरएनए लसीच्या (फायझर, मॉडर्ना यांच्या प्रकारच्या) पहिल्या डोसनंतर फक्त १७ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. पुढे ६५८ जणांच्या तपासणीत दोन्ही डोस घेऊनही ४६ टक्के लोकांत काहीच आढळले नाही. निरोगी माणसांत हाच आकडा शून्याच्या जवळ असतो.

मग तिसरा डोस देऊन पाहिला गेला. फ्रान्समधल्या टूलूझ इथे १०१ रुग्णांत प्रतिपिंडे असणाऱ्यांचे प्रमाण तिसऱ्या डोसपूर्वी ४० टक्के होते, ते नंतर ६८ टक्क्यांवर गेले. बसवलेला अवयव शरीराने नाकारल्याची एकही घटना त्यात घडली नाही, आणि रुग्णांना सगळ्यात मोठी भीती त्याचीच असते. कॅनडात १२० जणांपैकी निम्म्यांना खरी लस आणि निम्म्यांना नुसते सलाइन टोचले. प्रतिपिंडांची ठरवलेली पातळी लस घेतलेल्यांपैकी ५५ टक्के लोकांनी गाठली, सलाइनवाल्यांपैकी १८ टक्के लोकांनी.

फ्रान्सने या रुग्णांसाठी तिसरा डोस एप्रिल २०२१मध्येच सुचवला होता. भारतात १० जानेवारी २०२२पासून ‘प्रिकॉशन डोस’ (खबरदारीचा तिसरा डोस) सुरू झाला, तो आरोग्य आणि आघाडीचे कर्मचारी आणि सहव्याधी असलेले साठीपुढचे लोक यांच्यासाठी. आपल्याकडे मूत्रपिंड बदललेले कित्येक रुग्ण तिशी-चाळिशीतले असतात. त्यांना एप्रिलपर्यंत थांबावे लागले. माझ्या मते वयाच्या आधी औषधांची यादी पाहायला हवी होती.

प्रतिपिंडे म्हणजे सगळे संरक्षण नव्हे, टी-पेशींचाही त्यात वाटा असतो. त्यामुळे अहवालात शून्य आले म्हणून लस फुकट गेली असे नाही. आणि लस लागू पडावी म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणे तर फार धोक्याचे. नेदरलँड्समध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली लसीच्या आधी एक आठवडा आणि नंतर एक आठवडा मायकोफेनोलेट थांबवून पाहिले, तरी ठाम म्हणता येईल असा फायदा दिसला नाही.

जास्त हाती लागते ते शस्त्रक्रियेच्या आधी. गोवर, कांजिण्या यांच्या लसींत जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. प्रत्यारोपणानंतर त्या सहसा देत नाहीत, म्हणून निदान चार आठवडे आधी घ्याव्या लागतात. हेपटायटिस-बीची लस डायलिसिसवर असतानाच, तीही दुप्पट मात्रेत देतात आणि नंतर रक्तातली पातळी तपासतात. डायलिसिस सुरू होण्याआधी दिली तर ती आणखी चांगली लागू पडते. प्रत्यारोपणाची तारीख ठरायला कित्येक महिने लागतात. तपासण्यांच्या फाइलमध्ये लसींचा कागद पहिल्याच भेटीत लावून घ्यावा, आणि घरातल्या सगळ्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी, कारण रुग्णापर्यंत संसर्ग घरातूनही पोचू शकतो.