डोळ्यांदेखत आटणी

घरच्या घरी सोनं शुद्ध करण्याची हौस हल्ली पुण्याच्या फ्लॅटमध्येही शिरली आहे. छोटी विजेची भट्टी, ग्रॅफाइटची मूस, तेजाबाची (नायट्रिक आम्लाची) बाटली. वर ‘पूर्वी घरोघरी हेच चालायचं’ हा दाखला. तो अर्धाच खरा आहे.

घरी व्हायची ती आटणी, म्हणजे नुसतं वितळवणं. लग्नकार्याआधी सोनाराला बोलावणं जाई. तो शेगडी, फुंकणी घेऊन ओसरीवर बसे आणि मोडीच्या पाटल्या साऱ्यांच्या डोळ्यांदेखत वितळवी. घरच्यांना त्यात सोन्याच्या शुद्धतेची नव्हे, वजनाची काळजी! चिमूटभर टाकणखाराने (बोरॅक्सने) वरची मळी सुटते. सोन्यात मुरलेली चांदी तशीच राहते.

शुद्ध करणं हा वेगळा धंदा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चांदीला चौथा हिस्सा शिसं घालून ती शुद्ध करण्याची रीत दिली आहे. तापल्यावर शिसं तांब्यासारख्या हिणकस धातूंना सोबत घेऊन जातं, चांदी उरते. सोन्यातली चांदी मात्र शिशाला हलत नाही. तिला तेजाब लागतं. त्यातही गंमत अशी, की सोनं फार चांगलं असेल तर तेजाब आत शिरतच नाही. म्हणून आधी चांदी मिसळून सोन्याचा वाटा चौथाईवर आणायचा. १० ग्रॅम बावीस कॅरेटमध्ये सुमारे २७ ग्रॅम चांदी! शुद्ध करायला आधी भेसळ, हे घरी कुणाला सुचावं? मग तेजाबात चांदी विरघळते, तळाशी तपकिरी भुकटी उरते, तेच सोनं. विरघळलेली चांदी तांब्याच्या पट्टीवर परत मिळते. यात निघणारा तांबूस धूर फुप्फुसं जाळतो. बंद गॅलरीत तो जाणार कुठे?

सराफ बाजारात हे काम गलाईवाल्यांचं. विटा, खानापूर, आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून निघालेली ही माणसं आज देशभरच्या सराफ पेठांत भेटतात. त्यांच्याही मागे झारेकरी: सोनारांच्या दुकानांतला केर नि गटारातला गाळ धुऊन कण वेचणारे.

आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आलं, नवे दागिने १४ कॅरेटवर अडले आणि असंख्य सोनारांच्या शेगड्या विझल्या. १९६८ च्या कायद्याने तर सामान्य माणसाला सोन्याची लगड बाळगायलाच बंदी केली. म्हणजे आजीच्या पाटल्या आटवून घरात लगड ठेवली तर तो गुन्हा. कायदा १९९० मध्ये रद्द झाला, तेव्हा कुठे घरातली लगड उजळ माथ्याने बाहेर आली.

२०२१ पासून दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा होत गेला. घरी काढलेल्या लगडीवर तो कुठून येणार? ती रविवार पेठेत विकायला नेली की सराफ तिचा टंच (शुद्धतेचं प्रमाण) काढायला लावतो, आणि अनेकदा ती पुन्हा गलाईवाल्याच्याच मुशीत जाते.