बावनकशी नाण्याचं साम्राज्य: कॉन्स्टँटिनोपलची अकराशे वर्षं

एखादा फर्डा वक्ता सभा गाजवतो तेव्हा आपण त्याला ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतो. ती खरीखुरी तोफ आजही विजापूरच्या बुरुजावर आहे. 1549 मध्ये ती अहमदनगरच्या निजामशाहीसाठी ओतली गेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती आणि 1632 मध्ये तिथून विजापूरला नेली गेली. ओतणाऱ्या कारागिराच्या नावात एक शब्द आहे: रूमी. रूमी म्हणजे रूमचा, तुर्कांच्या मुलखातला. पण तुर्कांच्या मुलखाला रूम, म्हणजे चक्क रोम, का म्हणत असतील?

कारण तुर्कांच्या आधी त्या भूमीवर ज्यांचं राज्य होतं ते लोक स्वतःला रोमनच म्हणवत. भाषा ग्रीक, धर्म ख्रिस्ती, कायदा आणि राज्याचा वारसा रोमचा. ‘बायझंटाइन’ हे नाव त्या राज्याला 16व्या शतकात एका जर्मन विद्वानाने चिकटवलं, तोवर ते राज्य बुडून शंभर वर्षं होऊन गेली होती. 1453 मध्ये त्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) जिंकल्यावर तुर्कांचा सुलतान दुसरा मेहमद यानेही ‘कैसर-ए-रूम’ हा किताब मिरवला. नाव असं हाताहातांतून फिरत आमच्या अहमदनगरपर्यंत पोहोचलं.

सम्राट कॉन्स्टंटाइनने 330 मध्ये बॉस्फरसच्या काठी आपली नवी राजधानी वसवली. काळा समुद्र आणि भूमध्य समुद्र यांच्यामधली अरुंद जलवाट तिच्या दारातून जाते. तीन बाजूंना पाणी. चौथी, जमिनीकडची बाजू 5व्या शतकात खंदक आणि दुहेरी तटबंदीने बंद झाली. या तटांपुढे अवार थांबले, अरब थांबले, बल्गार थांबले. तटांचं कौतुक सगळेच करतात. पण माझ्या मते या राज्याचा खरा कणा दगडाचा नव्हता, सोन्याचा होता.

एका रोमन पौंडात 72 या हिशेबाने कॉन्स्टंटाइनने सोन्याचं नाणं पाडलं. वजन साधारण साडेचार ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. लॅटिनमध्ये सॉलिडस, ग्रीकमध्ये नोमिस्मा. सम्राट आले, मारले गेले, घराणी बुडाली, पण सातशे वर्षं या नाण्याचा कस टिकून राहिला. सैनिकाचा पगार त्यात, शेतकऱ्याचा सारा त्यात, शेजारच्या टोळ्यांना शांत ठेवायची खंडणीही त्यातच. सोनं कर म्हणून तिजोरीत यायचं आणि पगार म्हणून पुन्हा गावोगाव जायचं. पश्चिम युरोपात तेव्हा पगारी फौज आणि सरकारी दप्तर या गोष्टी मोडून पडल्या होत्या. इथे हे चाक फिरत राहिलं.

6व्या शतकात कॉस्मस नावाच्या एका व्यापाऱ्याने लिहून ठेवलेली एक गोष्ट मला फार आवडते. सिंहलद्वीपाच्या राजाने एका रोमन आणि एका इराणी व्यापाऱ्याला विचारलं, तुमच्यापैकी कुणाचा राजा मोठा? इराण्याने आपल्या शहेनशहाची भरपूर स्तुती केली. रोमन सोपाट्रोस एवढंच म्हणाला, दोघांची नाणी समोर ठेवा आणि तुम्हीच ठरवा. एकीकडे चांदीचा द्रम्म, दुसरीकडे लखलखीत सोन्याचं नाणं. राजाने कौल दिला. याच कॉस्मसने पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘कल्लियाना’ बंदराचं आणि तिथल्या ख्रिस्ती धर्मगुरूचं वर्णन केलं आहे. हे बंदर म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

जस्टिनियनची कारकीर्द (527 ते 565) हे या राज्याचं सुवर्णयुग असं पुस्तकांत असतं. आया सोफिया चर्चचा घुमट, रोमन कायद्याची संहिता, इटली आणि उत्तर आफ्रिका परत जिंकणं, हे सगळं खरं. पण अनास्तासियस सम्राटाने 518 मध्ये मागे ठेवलेली 3,20,000 पौंड सोन्याची शिल्लक या काळात खर्ची पडली, आणि 541 पासून प्लेगने माणसं अशी मेली की पुरायला जागा उरेना. पुढच्या शतकात इराणशी प्रदीर्घ युद्ध, आणि ते जिंकून श्वास घेईपर्यंत अरबांची स्वारी. 636 मध्ये यार्मूकला फौज बुडाली. पाठोपाठ सिरिया आणि इजिप्त गेले. इजिप्त म्हणजे राजधानीचं धान्याचं कोठार. इतका घाव बसूनही हे राज्य उभं राहिलं. त्यांच्या आरमाराकडे ‘ग्रीक फायर’ होतं, पाण्यावरही पेटत राहणारा द्रव. त्याचं गुपित त्यांनी असं जपलं की कृती आजही कुणाला ठाऊक नाही. 717-718 चा अरबांचा वेढा मोडला आणि राज्य आशिया मायनरच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) पठारावर पाय रोवून बसलं.

यानंतरच्या तीनशे वर्षांचा आधार होता छोटा शेतकरी. तो सारा भरायचा आणि सीमेवर लढायलाही जायचा. 927-928 च्या भयानक हिवाळ्यानंतर दुष्काळ पडला, आणि बड्या लोकांनी उपाशी कुळांच्या जमिनी पडेल भावाने घशात घातल्या. सम्राट रोमानोसने 934 मध्ये कायदा करून अशा जमिनी परत करायला लावल्या. गरीब शेतकऱ्यावरच कर आणि फौज दोन्ही उभी आहेत, असं त्या कायद्यातच स्पष्ट लिहिलं आहे. सम्राट दुसऱ्या बॅसिलने 996 मध्ये बड्या लोकांभोवतीचा फास आणखी आवळला. 1025 मध्ये तो वारला तेव्हा राज्य डॅन्यूबपासून आर्मेनियापर्यंत पसरलं होतं, तिजोरी भरलेली होती, आणि कीव्हच्या राजाने 988 मध्ये त्याच्याच बहिणीशी लग्न करून त्याचाच धर्म घेतला होता.

मग उतरण लागली ती घरातूनच. बॅसिलचं संरक्षण पुढच्या राज्यकर्त्यांनी काढून घेतलं. बड्या घराण्यांना मोकळं रान मिळालं. पूर्व सीमेवरच्या लढवय्यांना, चाकरी नको, त्याऐवजी कर भरा, असं सांगण्यात आलं. आणि नाण्यात हीण मिसळायला सुरुवात झाली, आधी थोडं, मग बेसुमार. 1071 मध्ये मांझिकर्टच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी सम्राटालाच कैद केलं. त्यानंतर आलेल्या सातव्या मायकेलला लोकांनी ‘पारापिनाकेस’ नाव ठेवलं, म्हणजे ‘पावउणा’. त्याच्या काळात एका मोहरेला पूर्ण मापाऐवजी पाऊण मापच गहू मिळायचा, म्हणून. हजार वर्षांनंतरही त्या नावात बाजारात रिकामी पिशवी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचा संताप ऐकू येतो.

सम्राट अलेक्सिओस कोम्नेनोसने 1092 मध्ये साडेवीस कॅरेटचं नवं नाणं पाडून घडी बसवली. जमिनीचा महसूल लष्करी चाकरीच्या बदल्यात तोडून द्यायची ‘प्रोनिया’ पद्धतही याच घराण्याने वाढवली. आपल्याकडच्या सरंजामासारखीच ती, आणि पुढे तशीच वंशपरंपरागत होत गेली. पण अलेक्सिओसचा महागात पडलेला करार वेगळाच होता. दक्षिण इटलीतून चाल करून आलेल्या नॉर्मनांविरुद्ध आरमाराची मदत हवी म्हणून त्याने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना जकात माफ केली. इतरांना दहा टक्के, व्हेनिसला शून्य. स्थानिक व्यापारी स्वतःच्याच बंदरात मागे पडले. चीड साठत गेली. 1171 मध्ये सम्राटाने व्हेनिसच्या लोकांना एका दिवसात पकडून माल जप्त केला, 1182 मध्ये शहरातल्या जमावाने इटालियन वस्तीत कत्तल केली. व्हेनिस हे विसरलं नाही.

1453 हे साल सगळ्यांना पाठ असतं. मला मात्र खरा शेवट 1204 मध्ये दिसतो. चौथ्या क्रुसेडचे, म्हणजे पश्चिम युरोपीय ख्रिस्त्यांच्या धर्मयुद्धाचे, सरदार व्हेनिसच्या जहाजांचं भाडं देऊ शकत नव्हते. कॉन्स्टँटिनोपलचा परागंदा राजपुत्र अलेक्सिओस (आधीच्या सम्राटाचा फक्त नामबंधू) त्यांना भेटला आणि म्हणाला, मला गादीवर बसवा, 2,00,000 चांदीचे मार्क देतो. बसवलं. पैसे काही पुरे देता आले नाहीत. त्याचा खून झाला, आणि एप्रिलमध्ये क्रुसेडर तटावर चढले. ख्रिस्त्यांनी ख्रिस्त्यांचं सर्वांत मोठं शहर तीन दिवस लुटलं.

हे डोळ्यांनी पाहिलेल्या निकेटास खोनियाटेस या इतिहासकाराने वितळवलेल्या पुतळ्यांची वर्णनं मागे ठेवली आहेत. त्यात प्राचीन ग्रीक शिल्पकार लिसिपसने घडवलेला बसलेला हेराक्लीस (हर्क्युलस) होता, काशाचा. त्याच्या अंगठ्याभोवतीची दोरी माणसाच्या कमरेला पुरेल, आणि त्याची नडगी पुरुषभर उंच. दीड हजार वर्षं जपलेलं ते काम भट्टीत घालून त्याची खुर्दा नाणी पाडली. घोड्यांचे चार पुतळे मात्र व्हेनिसला गेले आणि वाचले.

1261 मध्ये ग्रीकांनी राजधानी परत मिळवली, पण ती ओसाड पडलेली होती. मदतीच्या आशेने आता व्हेनिसचं प्रतिस्पर्धी असलेल्या जिनोव्हाला सवलती दिल्या होत्या. 14व्या शतकाच्या मध्यात जिनोव्हाच्या गलाटा वसाहतीची जकात वर्षाला दोन लाख मोहरांची, आणि खाडीपलीकडे सम्राटाला मिळत जेमतेम तीस हजार. 1343 मध्ये राणी अ‍ॅनाने राजमुकुटाचे जवाहीर 30,000 डुकाटांना (व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांना) व्हेनिसकडे गहाण टाकले. ते कधीच सुटले नाहीत. चारच वर्षांनी सम्राट सहाव्या जॉनचा राज्याभिषेक झाला, तेव्हा मुकुटात काचेचे खडे होते आणि पंगतीत मातीची आणि कथलाची भांडी. सोन्याचं नाणं पाडणं याच सुमारास थांबलं. 1354 मध्ये भूकंपाने गॅलिपोलीचे तट पडले आणि उस्मानी तुर्क युरोपात शिरले.

आणि इथे पुन्हा तोफ येते. ओर्बान नावाचा हंगेरियन ओतारी आधी शेवटचा सम्राट अकरावा कॉन्स्टंटाइन याच्याकडेच चाकरीला होता. सम्राटाला त्याचा पगार देणं झेपेना. तो उठून सुलतानाकडे गेला. मेहमदाने त्याला भरघोस पैसे दिले, आणि त्याने ओतलेली तोफ साठ बैलांनी ओढत एदिर्नेहून तटापुढे आणली. 6 एप्रिल 1453 ला वेढा पडला. सम्राटाच्या सांगण्यावरून त्याचा दरबारी स्फ्रांट्झेस याने शहरातल्या लढाऊ माणसांची मोजदाद केली: पाच हजारही भरले नाहीत. बाहेरून आलेले दोनेक हजार. 29 मे ला तट फुटला आणि सम्राट लढता लढता मारला गेला.

त्याच्या त्या शेवटच्या आठवड्यांतली काही नाणी अलीकडे सापडली आहेत. सैनिकांना द्यायला पैसे नव्हते, म्हणून चर्चमधली पूजेची भांडी वितळवून ती पाडली होती. चांदीची आहेत, ओबडधोबड. काहींचं वजन तर एक ग्रॅमही भरत नाही. त्यांवर एका बाजूला ख्रिस्त आहे आणि दुसऱ्या बाजूला कॉन्स्टंटाइनचा घाईघाईत कोरलेला चेहरा.